पांढरीतील पाठशाळा : तक्षशिला ते नावडातोली

इंदूर, देवास, धार, महू या बाजूच्या जुन्या मराठी कुटुंबांपैकी कोणी महेश्वराला गेले नाही असे सहसा आढळणार नाही. अहिल्याबाईंचा वाडा, त्यांचे देवघर, घाटाच्या पायऱ्या आणि नर्मदेचे रुंद पात्र हे सारे आपल्या ओळखीचे आहे. घाटावर बसलेला माणूस समोरच्या तीराकडे पाहतो खरा, पण तेथे पाहण्यासारखे काही आहे असे त्यास वाटत नाही. नावाड्यांची एक लहान वस्ती आणि तिच्यामागे चार ओबडधोबड टेकाडे एवढेच दृष्टीस पडते. वस्तीचे नाव नावडातोली. १९५२-५३ च्या हंगामात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील अध्यापक व विद्यार्थी यांनी मिळून या दोन्ही तीरांवर उत्खनन केले. त्यातून काय निघाले ते ग्रंथांत नमूद आहे. ज्यांनी ते काढले ती माणसे कशी घडली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. प्रस्तुत लेख त्याविषयी आहे.

आपल्या महसुली भाषेत गावाचे दोन भाग मानलेले आहेत, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान् पिढ्या एकावर एक साचत जाऊन वस्तीची जागा पांढुरकी होते आणि उंचही होते. नावडातोलीची ती टेकाडे म्हणजे अशीच पांढरी. माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेल्यामुळे उत्खननाची नोंदवही प्रथम पाहिली तेव्हा मला पंचनाम्याची आठवण झाली : जागा, दिशा, माप, काय कोठे कसे आढळले, तारीख, सही. परंतु पंचनाम्यात आणि या नोंदीत एक मोठा भेद आहे. पंचनामा चुकला तर तक्रार होते, दुसरा अधिकारी पुन्हा जागेवर जातो, कारण शेत जागच्या जागी असते. खणलेला थर पुन्हा पाहता येत नाही. तो उचलून बाहेर टाकलेला असतो. संशोधक आपला पुरावा वाचता वाचताच नष्ट करतो, असे हे एकच शास्त्र असावे. म्हणून त्यातील नवशिक्याला ज्ञानाइतकीच हाताची, डोळ्याची आणि नोंदीची शिस्त लावावी लागते. आणि ती पुस्तकातून लागत नाही.

ही शिस्त आपल्याकडे फार उशिरा आली. देवदत्त रामकृष्ण भांडारकर हे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव, शिलालेखांचे आणि नाण्यांचे मोठे पंडित, पुढे कलकत्ता विद्यापीठात कारमायकेल प्राध्यापक. १९११-१२ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या कामासाठी सिंधमध्ये फिरत असता ते मोहेंजोदडोस गेले. ते अवशेष फार तर दोनशे वर्षांपूर्वीचे असावेत, विटा अलीकडच्या घडणीच्या दिसतात, असा अभिप्राय देऊन ते परतले. दहाएक वर्षांनी राखालदास बॅनर्जींनी त्याच जागी काम सुरू केले आणि १९२४ मध्ये सर जॉन मार्शल यांनी सिंधू संस्कृतीचा शोध जगाला जाहीर केला. भांडारकरांच्या या चुकीवर पुढे अनेकांनी बोट ठेवले. मला त्यात त्यांची हेटाळणी करण्याजोगे काही दिसत नाही. ज्या पिढीत पुरातत्त्वज्ञ होणे म्हणजे संस्कृत, प्राकृत, ब्राह्मी आणि खरोष्ठी यांत पारंगत होणे असा अर्थ होता, त्या पिढीचे ते उत्तम फळ होते. अक्षर असते तर त्यांनी ते वाचलेच असते. माती वाचावयास त्यांना कोणी शिकविले नव्हते. पुढे १९१३ ते १९१५ या काळात याच भांडारकरांनी ग्वाल्हेर संस्थानातील बेसनगर येथे उत्खनन केले. संस्थानाचे स्वतंत्र पुरातत्त्व खातेही १९१३ मध्येच निघाले आणि मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी ते नावारूपास आणले. ग्वाल्हेरच्या मंडळींना हे नाव सांगावयास नको. या सर्वांनी काम शिकले ते काम करीत करीत, ज्याने त्याने आपापल्या बुद्धीने.

मार्शल यांच्या काळातील खोदकामे प्रचंड होती, शेकडो मजूर लावून शहरेच्या शहरे उघडी केली गेली. पण वस्तूंची नोंद होई ती एका ठरावीक बिंदूपासून किती फूट खाली सापडली एवढीच. वरवर पाहता यात वावगे काही नाही. परंतु कोणत्याही पांढरीची जमीन सपाट नसते. एका घराची फरशी दोन फूट वर, शेजारच्या घराची दोन फूट खाली. एकाने धान्याचे पेव खणले, दुसऱ्याने कचऱ्याचा खड्डा, आणि नंतरच्या काळातील खापर त्या खड्ड्यातून थेट जुन्या थरात जाऊन पडले. केवळ खोली मोजणाराच्या लेखी या साऱ्या वस्तू समकालीन ठरतात. मातीचा रंग, घट्टपणा, राखेची रेघ, खड्ड्याची कडा हे पाहून थर वेगळे करणे ही कला तोवर युरोपात रुजली होती, आपल्याकडे नव्हती. १९३८-३९ मध्ये सरकारने सर लेनर्ड वुली यांना पाहणीसाठी बोलाविले तेव्हा त्यांनी आपल्या अहवालात खात्याची स्पष्ट शब्दांत हजेरी घेतली. माणसे हुशार आहेत, प्रशिक्षण नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ. त्यावेळी खात्याचे महासंचालक काशिनाथ नारायण दीक्षित हे मराठी गृहस्थ होते. हा अहवाल वाचताना त्यांस काय वाटले असेल, ते सरकारी नोकरी केलेल्या माणसास तरी समजावून सांगावे लागू नये.

दीक्षितांनंतर १९४४ मध्ये मॉर्टिमर व्हीलर आले. युद्धातून थेट आलेला हा ब्रिगेडियर. उंच, मिशाळ, गर्जून बोलणारा, समोरच्याला तुच्छ लेखण्यात कसर न ठेवणारा. त्याच्याविषयी प्रेम वाटावे असे त्याच्या चरित्रात थोडेच आहे. परंतु इंग्लंडमध्ये व्हेरुलेमियम आणि मेडन कॅसल येथील उत्खननांतून त्याने आणि त्याची पत्नी टेसा हिने तरुण अभ्यासकांची एक पिढी तयार केली होती. मुलांना प्रत्यक्ष खड्ड्यात उतरवून शिकविण्याचे पुष्कळसे काम टेसाचेच होते. ती १९३६ मध्ये अकाली वारली आणि तिचे श्रेय पतीच्या नावात मिसळून गेले.

हिंदुस्थानात आल्यावर व्हीलरने त्याच वर्षी तक्षशिलेस एक प्रशिक्षण-छावणी उघडली. खात्यातील कनिष्ठ अधिकारी, विद्यापीठांचे पदवीधर, संस्थानांच्या खात्यांतील व संग्रहालयांतील माणसे मिळून साठेक विद्यार्थी जमले. १९४४-४५ चा हिवाळा त्यांनी भीर टेकाड आणि सिरकप या प्राचीन नगरांच्या अवशेषांत काढला. प्रत्येकाला सर्व कामे करावी लागत. जमिनीची मोजणी करून नकाशा काढणे, चौरस आखणे, दोन चौरसांमधील मातीची भिंत न खणता उभी ठेवणे, त्या भिंतीवर दिसणारे थर क्रमाने ओळखून त्यांना आकडे देणे, कागदावर त्यांचा छेद काढणे, छायाचित्र घेणे, प्रत्येक थराची खापरे वेगळ्या टोपलीत चिठ्ठी बांधून ठेवणे. एम. ए. ची पदवी घेतलेला, हातात कधी कुदळ न धरलेला तरुण आणि पिढीजात मजुरी करणारा माणूस एकाच खड्ड्यात उतरले, आणि मातीचा थर बदलल्याचे कुदळीच्या आवाजावरून आधी कोणाला कळत असेल हे सांगावयास नकोच.

या छावणीतून बाहेर पडलेल्यांत ब्रजबासी लाल आणि बालकृष्ण थापर होते. दोघेही पुढे खात्याचे महासंचालक झाले. व्हीलरच्या हाताखाली शिकलेल्या मराठी तरुणांत मधुसूदन नरहर देशपांडे हे ठळक नाव. खानदेशातील बहाळ आणि नगर जिल्ह्यातील दायमाबाद ही स्थळे त्यांनी उत्खनित केली आणि १९७२ ते १९७८ या काळात तेही महासंचालक होते. तक्षशिला १९४७ मध्ये सीमेपलीकडे गेली, तेथे शिकलेली विद्या दोन्ही देशांत राहिली.

पण सरकारी छावणी एका हंगामाची असते. वर्षानुवर्षे चालणारी शाळा आपल्याकडे उभी केली ती हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी. मुंबईच्या गुजराती घरात १९०८ मध्ये जन्मलेला हा माणूस पुण्याचा होऊन गेला आणि १९८९ मध्ये पुण्यातच वारला. लंडनला पीएच. डी. करीत असता सांकलियांनी मेडन कॅसलच्या उत्खननात भाग घेतला होता. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन-संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि ते तेथे प्राध्यापक झाले. डॉ. सु. मं. कत्रे, इरावतीबाई कर्वे ही त्याच वेळची मंडळी. सांकलिया विद्यार्थ्याला घेऊन बसले नाहीत, ते चालले. नद्यांच्या काठाकाठाने, खांद्यावर पिशवी, हातात हातोडी. १९४१ पासून गुजरातेत मोहिमा निघू लागल्या आणि तत्कालीन बडोदे संस्थानातील मेहसाणा भागात लांघणज येथे सूक्ष्मास्त्रांच्या काळातील माणसांचे सांगाडे मिळाले. तेव्हा मानवशास्त्रज्ञ म्हणून इरावतीबाई स्वतः उत्खननावर गेल्या. संशोधक-विद्यार्थ्यांसाठी यात मोठा धडा होता. एकाच खड्ड्यातील वस्तू एकट्याच्या विद्येने उलगडत नाहीत. हाडांसाठी एकाकडे, दगडांसाठी दुसऱ्याकडे, जळक्या दाण्यांसाठी तिसऱ्याकडे जावे लागते, आणि जाताना त्याला काय विचारायचे ते ठाऊक असावे लागते. १९४९ मध्ये लंडनहून झॉइनर यांना बोलावून गुजरातेतील नद्यांच्या गाळाचा आणि वाळूच्या टेकड्यांचा अभ्यास करविला, तोही याच हेतूने.

या चालण्यातून जे प्रबंध निघाले त्यांतील एक आपल्या बेळगावकर वाचकांच्या दारातला आहे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते हे खानापूर तालुक्यातील शाळकरी मुलालाही माहीत असते. त्या नदीच्या खोऱ्यातील गाळाचे थर आणि त्यांतील आदिमानवाची दगडी हत्यारे यांचा अभ्यास डेक्कन कॉलेजच्या रा. वि. जोशी यांनी केला आणि तो १९५५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास बेंडापुडी सुब्बाराव बल्लारीच्या दगडी हत्यारांवर पुण्यात प्रबंध लिहून बडोद्यास गेले, तेथील विद्यापीठात पुरातत्त्वाचे अध्यापन त्यांनी उभे केले आणि शहरालगतच्या अकोट्याचे टेकाड खणून बडोद्याचा इतिहास सयाजीरावांच्या, गायकवाडांच्याही कितीतरी मागे नेला. सांकलियांच्या तालमीतील मोरेश्वर दीक्षित कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीवर त्यांच्यासह होते. पुढे सागर विद्यापीठासाठी जबलपूरजवळच्या त्रिपुरीचे उत्खनन त्यांनी १९५२ मध्ये केले. शाळेची मुळे अशी पसरत होती.

म्हणून १९५२-५३ मध्ये महेश्वरला पुणे आणि बडोदे एकत्र आले ते गुरू आणि शिष्य म्हणून आले. सांकलिया, सुब्बाराव आणि शांताराम भालचंद्र देव ही तीन नावे त्या अहवालावर आहेत. देवांचा स्वतःचा प्रबंध जैन मुनिसंघाच्या इतिहासावर, म्हणजे शुद्ध ग्रंथाधारित. असा पोथ्यांतला माणूस मातीत उतरून उत्तम उत्खनक झाला, याचे मला नेहमी अप्रूप वाटत आले आहे.

नर्मदेच्या काठावरील खडीच्या थरांत पुराणाश्मयुगाची हत्यारे, त्यावर ताम्रपाषाणयुगाची वस्ती, त्यावर ऐतिहासिक काळ, असा क्रम या एका जागी मिळत होता. पण पहिल्या हंगामातील चर खोल आणि अरुंद होते. थर कळले, गाव कळले नाही. १९५७ ते १९५९ या काळात डेक्कन कॉलेज पुन्हा नावडातोलीस गेले आणि या वेळी टेकाड रुंदीने उघडले. तेव्हा गोल आणि चौकोनी झोपड्यांचे आराखडे, खांबांची भोके, चुली, रांजणांचे तळ दिसू लागले. जळक्या दाण्यांची तपासणी विष्णु-मित्रे यांनी केली. प्रथम गहू, मागाहून तांदूळ; मसूर, मूग, उडीद, जवस, बोर, आवळा. निमाडातील आजच्या गृहिणीलाही हे कोठार परके वाटू नये. कोळशाचे नमुने अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाकडे गेले आणि वस्तीचा आरंभ इसवी सनापूर्वी १६०० च्या आसपास ठरला.

अशा छावणीवर नवख्या विद्यार्थ्याला जे शिकावे लागते त्यातील निम्मे कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नसते. मजुरांचा हजेरीपट भरणे, शनिवारी पगार वाटणे, बाजाराच्या दिवशी काम बंद राहणार हे आधी ओळखणे, ज्याच्या शेतात टेकाड आहे त्याच्याशी गोडीगुलाबीने बोलणे. खेड्यात कोठेही खड्डा खणला की हंडा सापडल्याची वार्ता उठते. मग पाटलास, मास्तरास, पोरांस बोलावून हे खापरच आमचे धन आहे असे त्यांना पटेल अशा शब्दांत सांगावे लागते. ज्याला ते खेडुताला सांगता येत नाही त्याला ते स्वतःलाही नीट कळलेले नसते, असा माझा समज आहे. संध्याकाळी दिवसभराची खापरे धुऊन अंगणात थरवार पसरायची, काठ, बूड, रंग, नक्षी पाहून निवडायची आणि मग आकृती काढायची. हे काम कंटाळवाणे. हजारो तुकड्यांतून शंभर निवडताना कोणते टाकायचे, हा निर्णय विद्यार्थ्याला करावा लागतो आणि टाकलेले परत येत नसते.

इतके करूनही निष्कर्ष बरोबर येतातच असे नाही. नावडातोलीच्या चोचीच्या प्याल्यांचे इराणातील भांड्यांशी साम्य पाहून सांकलियांनी तेथील लोकांचा संबंध इराणकडून आलेल्या आर्यांशी जोडला. आज बहुतेक अभ्यासक ते मानीत नाहीत. स्वतः व्हीलरने मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून आर्यांच्या स्वारीचा आणि इंद्राच्या अपराधाचा जो सिद्धान्त मांडला, तो पुढच्या वीस वर्षांतच ढासळू लागला, कारण ते सांगाडे एकाच वेळच्या कत्तलीचे नव्हेत असे दिसून आले. तो ढासळण्याची रीत पाहण्यासारखी आहे. मोहेंजोदडोचे सांगाडे जुन्या पद्धतीने उकरलेले, म्हणून कोणता सांगाडा नेमका कोणत्या थरातला यावर वर्षानुवर्षे वाद घालावा लागला. नावडातोलीचे थर, छेद आणि आकृत्या मात्र छापलेल्या होत्या. सांकलियांना खोडून काढणाऱ्यांना त्यांचीच साधने उपयोगी पडली. आपल्या विरोधकाला पुरावा तयार करून ठेवणे ही या विद्येतील खरी सचोटी, आणि ती स्वभावावर सोडून चालत नाही, सवयीने अंगी बाणवावी लागते.

इथेच शेवटच्या आणि सर्वांत अवघड कौशल्याकडे यावे लागते. ते म्हणजे लिहून पुरे करणे. खणणे आनंदाचे असते, हंगाम रंगतो, वर्तमानपत्रे येतात, नवी जागा खुणावते. अहवाल लिहिणे हे एकट्याचे, धुळीचे, वर्षानुवर्षांचे काम. सांकलियांनी हे आपल्या माणसांकडून करवून घेतले. नाशिक-जोर्वे १९५०-५१ मध्ये खणले, अहवाल १९५५ मध्ये. महेश्वरचा १९५८ मध्ये. नेवासे १९५४ ते १९५६, अहवाल १९६०. त्रिपुरीचा तर दीक्षितांनी तिसऱ्या वर्षीच दिला. नावडातोलीच्या दुसऱ्या उत्खननाला मात्र १९७१ उजाडले. तेथे बारा वर्षे लागली. घोड नदीवरील इनामगाव १९६८ ते १९८३ खणले गेले. मधुकर केशव ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी आणि सांकलिया यांच्या हाताखाली डेक्कन कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या तेथे तयार झाल्या, आणि अहवाल १९८८ मध्ये, सांकलियांच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, बाहेर पडला.

तक्षशिलेच्या विद्यार्थ्यांनीही आरंभी हेच केले. लालांनी १९५०-५२ मध्ये हस्तिनापूर खणले आणि त्याचा भरभक्कम वृत्तांत खात्याच्या 'एन्शंट इंडिया' या व्हीलरनेच सुरू केलेल्या नियतकालिकाच्या १९५४-५५ च्या अंकात दिला. पुढे खात्याची कामे वाढली, पदे वाढली, बदल्या, समित्या, पाहुणे वाढले. माझ्यासारख्या माणसाला हा क्रम चांगलाच परिचित आहे. टेबलावर मोठे काम येते ते नेहमी अपुऱ्या कामाच्या फाइलीवरच येऊन बसते. राजस्थानातील कालीबंगन हे सिंधू संस्कृतीचे स्थळ १९६० ते १९६९ या काळात लाल आणि थापर यांच्या नेतृत्वाखाली खणले गेले. तेथे नांगरलेल्या शेताच्या रेषा मिळाल्या, जगातील अतिप्राचीन शेतांपैकी एक. तक्षशिलेच्या त्या छावणीतील दोन उत्तम विद्यार्थी, एक असामान्य जागा, नऊ हंगाम. आद्य सिंधू काळावरील अहवालाचा भाग २००३ मध्ये निघाला आणि नंतरच्या, खऱ्या नगराच्या काळावरील पहिला भाग २०१५ मध्ये. थापर १९९५ मध्येच वारले होते. लाल त्यावेळी चौऱ्याण्णव वर्षांचे होते.